पावसाच्या मूकपटाला साथ करताना

जुन्या मूकपटांना लाइव्ह वाजवणाऱ्यांबद्दल माझं एक ठाम मत झालंय, जो पडद्यावरची प्रत्येक गोष्ट वाजवून दाखवायला जातो त्याची साथ अर्ध्यातच कंटाळवाणी होते. आणि शहरावरच्या शॉर्ट फिल्म्सना तर हे जास्तच जाणवतं, कारण तिथे हिरो नाही, व्हिलन नाही, कोणी मेलं म्हणून करुण सूर काढायची सोय नाही, नुसतं शहर.

योरिस इवेन्स आणि मानुस फ्रांकेनची १९२९ ची 'रेगन' घ्या, म्हणजे पाऊस. जेमतेम १२ मिनिटांची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक सर येते आणि जाते, बस. पण ती एक सर जमवायला कित्येक महिने वेगवेगळ्या पावसांत शूटिंग केलंय! कालव्याच्या पाण्यावर पहिली वर्तुळं उठतात, एक माणूस हात पुढे करून बघतो पडतोय का आणि कोटाची कॉलर वर करतो, मग छत्र्याच छत्र्या, आणि ट्रामच्या ओल्या काचेतून रस्ता.

आता इथे पुष्कळ जण काय करतात, थेंब पडला की वरच्या पट्टीत टुण, अजून एक पडला की परत टुण. दीड मिनिट मजा येते, मग नको होतं. थेंब दिसतायत की डोळ्यांना, ते परत कानात कशाला सांगायचे?

मध्यंतरी एका छोट्या हॉलमध्ये पियानो आणि चेलोवर ऐकली. सुरुवातीपासून चेलोने एकच लांब सूर धरलेला, आणि त्या माणसाचा हात पुढे आला तेव्हा पियानो चक्क गप्प. पूर्ण गप्प. छत्र्या आल्यावर पियानोने लय धरली ती पण पावसाची नाही, चालणाऱ्या पायांची. अंगावर काटा आला माझ्या. कथकला लेहरा, म्हणजे तीच तीच फिरणारी धून, धरणारा हार्मोनियमवाला असतो ना, स्वतः पुढे न येता सगळं पेलून धरतो, तसं.

याच फिल्मसाठी संगीतकार हान्स आइस्लरने १९४१ मध्ये 'पावसाचं वर्णन करण्याच्या चौदा तऱ्हा' लिहिल्या. नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत आलेला माणूस, फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो एवढ्याच वाद्यांवर तो तपासत होता की चित्राचं आणि संगीताचं किती प्रकारे जमू शकतं, कुठे अगदी पाठोपाठ जायचं, कुठे मुद्दाम विरुद्ध. नंतर त्याने ते गुरू शोनबर्गच्या सत्तरीला अर्पण केलं.

एक प्रॅक्टिकल भानगड मात्र आहे, मूकपटांचा स्पीड काही एकच ठरलेला नसतो. सेकंदाला २४ फ्रेम्सने १२ मिनिटांत संपणारी फिल्म १८ ने चालवली की १६ मिनिटं! त्यामुळे नोटेशन समोर ठेवून वाजवणार असाल तर शोला जी कॉपी लागणार त्याच कॉपीवर, त्याच स्पीडने तालीम करा, नाहीतर छत्र्या उघडायच्या आधीच तुमचा पाऊस संपलेला असेल.

न्यूयॉर्कवरच्या 'मॅनहॅटा'ला (पॉल स्ट्रँड आणि चार्ल्स शीलर, १९२१) तर मला वाटतं ठेका नकोच. फेरीबोटीतून उतरणारा लोंढा, उंच इमारती, धूर, वाफ आणि मधेमधे कवी वॉल्ट व्हिटमनच्या ओळी, तिथे तानपुरा आणि सारंगी काय सुंदर लागेल! ओळी आल्या की सारंगीने थांबायचं, लोकांना निवांत वाचू द्यायचं. फिल्म ऑनलाइन सहज सापडते, कोणी सारंगीवाले हे वाचत असतील तर खरंच एकदा वाजवून बघा आणि मला कळवा.