इतक्या पटकन ‘हो’

रेथिम्नो, रात्रीचे साडेअकरा

‘हो’ म्हणाले मी. धाकटीचं वाक्य पुरतं झालंही नव्हतं. “आई, तू वरच थांबतेस का...” एवढंच ती बोलली. पुढे काय बोलणार होती ते आता कळायचं नाही, कारण मध्येच माझं “हो, हो, थांबते की” येऊन पडलं. वर हसलेसुद्धा. आणि पिशवी दे इकडे म्हणून हात पुढे केला.

दिवस चांगला गेला. खरंच चांगला गेला. पण पाठ टेकली आणि दिवसभरातलं ते एक ‘हो’च आठवत राहिलं, म्हणून उठून लिहायला बसले. शेजारच्या खोलीतला दिवा मघाशी मालवला. खाली गल्लीत खाणावळीची आवराआवर चालली आहे, ताटल्यांचा आवाज इथवर येतो.

सकाळपासून लिहिते. लिहिता लिहिता सापडेल कदाचित.

बस छोटीच होती, आम्ही सोळा जण. गाईडबाई थोरलीच्या वयाची असेल. एकेक जण चढत होता तसं ती पायांकडे बघत होती. बूट घातलेत की चपला हेच पाहत असणार, पण मला वाटलं माझ्या गुडघ्यांकडेच बघतेय. रेथिम्नो ग्रीसच्या क्रीट बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आणि आम्हाला जायचं होतं दक्षिण किनाऱ्यावर. बेट लांबीला मोठं पण रुंदीला चिंचोळं, त्यामुळे जैतुनाच्या बागा आणि दोन-चार गावं मागे पडेपर्यंत डोंगर आलेसुद्धा.

पहिली घळ. कुर्तालिओतिको. हे नाव मला दुपारपर्यंत धड म्हणता येत नव्हतं. घळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शिवथरघळ येते, ओली, हिरवीगार, धबधब्याच्या आवाजाने भरलेली. ही उघडी. दोन्ही अंगांना चुनखडीचे उभे कडे, राखाडी, मध्येच तांबूस. आपल्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना हा दगड आधी आजारी वाटतो, मग हळूहळू आवडायला लागतो. आणि वारा! बसचं दार हाताने धरून ठेवावं लागलं. वारा कड्यांवर आपटून टाळ्या वाजल्यासारखा आवाज होतो, त्यावरूनच घळीचं नाव पडलं असं गाईडबाई सांगत होती. तिचं निम्मं बोलणं वाऱ्यानेच नेलं.

वर गिधाडं घिरट्या घालत होती. बाकीचे फोटो काढत होते आणि मी नुसती मान वर करून उभी. किती वर्षांनी बघितली. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती ती बसलेली असायची, आम्ही मुलं लांबून खडे मारायचो. मग कधीतरी दिसेनाशीच झाली. गुरांना द्यायचं ते दुखण्यावरचं औषध, डायक्लोफिनॅक, मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्याकडे गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली २००६ साली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. इथे ती पंख न हलवता तरंगत होती. मला रडू आलं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं मी जावयांना सांगितलं.

तिथून खाली पायऱ्या उतरून सेंट निकोलसचं छोटं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ कड्यातून झरे फुटलेत. संताने पाच बोटं खडकावर टेकवली आणि पाच धारा निघाल्या अशी गोष्ट. वाळकेश्वरला बाण मारून बाणगंगा काढली, तशीच. पाणी बर्फासारखं गार. मी उतरले, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, वर यायला निघाले, आणि वर येताना दम लागला. दोनदा थांबले. सगळे बसमध्ये जाऊन बसले होते. पाच मिनिटं थांबावं लागलं असेल त्यांना माझ्यासाठी. कोणी काही बोललं नाही. गाईडबाईने पाण्याची बाटली पुढे केली. आणि धाकटीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं आहे. मी तिला ताप आला की असंच बघायचे.

तर दुपारच्या त्या प्रश्नाचं बी इथे पडलं असणार. तिचं काही चुकलं नाही, हे मी स्वतःला शंभरदा सांगतेय.

मग मठ. घळीतली नदी पुढे मेगालोपोतामोस होते, म्हणजे थोरली नदी. तिच्यावरचा कमानीचा जुना दगडी पूल ओलांडला की आधी खालचा पडका मठ लागतो आणि पुढे समुद्राच्या डोक्यावर वरचा, प्रेवेली. १९४१ साली जर्मनांनी क्रीट घेतलं तेव्हा मागे राहिलेल्या ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडच्या सैनिकांना इथल्या महंतांनी लपवलं, खाऊ घातलं आणि रात्री खालच्या किनाऱ्यावरून पाणबुड्यांत चढवून दिलं. अगाथांगेलोस लागुवार्दोस त्यांचं नाव. रस्त्यालगतच्या स्मारकावर त्यांचा पुतळा आहे, हातात बंदूक. सैनिकांना लपवल्याची शिक्षा म्हणून जर्मनांनी खालचा मठ लुटला. लपवणाऱ्यांना काय भोगावं लागणार हे आधी माहीत होतंच. तरी त्यांनी कोणाला दारातून परत पाठवलं नाही.

मठाच्या अंगणात एक कारंजं आहे, त्यावर ग्रीक अक्षरं कोरलेली. निप्सोन आनोमिमाता मी मोनान ओप्सिन. पापं धू, नुसता चेहरा नको. गाईडबाईने अक्षरांवरून बोट फिरवत ते डावीकडून वाचलं आणि मग उजवीकडून वाचलं. तेच! ‘प्स’ला त्यांच्याकडे एकच अक्षर आहे, आपल्या ‘क्ष’सारखं, म्हणून ते जमतं. मला काय आनंद झाला! आयुष्यभर पाचवी-सहावीला मराठी शिकवलं मी. जावयांना म्हटलं, “आपल्याकडे पण आहे, ‘रामाला भाला मारा’.” ते उलट म्हणून बघायला लागले, आणि धाकटी एकदम ओरडली, “चिमा काय कामाची!” पाच वर्षांची असताना शिकवलेलं. लक्षात होतं तिच्या. आम्ही तिघंही हसत बसमध्ये चढलो.

आणि त्यानंतर दहा मिनिटांत तो प्रश्न.

प्रेवेलीचा किनारा खाली आहे, फार खाली. गाड्या वर उभ्या करायच्या आणि चारशे-पाचशे पायऱ्या उतरून जायचं, तेवढ्याच पुन्हा चढायच्या. आमची पर्वती १०३ पायऱ्यांची. म्हणजे चार पर्वत्या, सलग, दुपारच्या उन्हात. गाईडबाईने इंग्रजीत सांगितलं, ज्यांना नको असेल त्यांनी वर थांबा, दोन तासांत येतो. कोणाचंही नाव घेतलं नाही. धाकटी माझ्याकडे वळली. आणि मी ‘हो’.

बसच्या सावलीत एका दगडावर बसले. तिघांच्या पिशव्या, टॉवेल, जावयांचा कॅमेऱ्याचा डबा, शिवाय एका डच आजोबांनी “प्लीज” म्हणून ठेवलेली जाकिटं. ते आजोबा माझ्याहून मोठे होते आणि काठी घेऊन उतरले.

ते वळणाआड गेल्यावर मात्र मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर मी सामानापाशी बसलेय. दादरला, पंढरपूरला, स्वारगेटला. हे तिकिटं काढायला जायचे, मुली पाणी बघायला, नळ बघायला, गाडी आली का बघायला, आणि मी वळकटीवर हात ठेवून बसलेली. आता हे नाहीत, मुली मोठ्या झाल्या, हजारो मैल लांब भूमध्य समुद्राच्या काठी आले, आणि इथेही बाई सामानापाशीच. कुणाला वाटलं नसेल का एकदा, की चल, हळूहळू उतरू, आम्ही आहोत? कुणी एकदा आग्रह केला असता तर?

पण आग्रहाला जागा कुठे ठेवली होती मी.

हे तिथेच सुचलं, उन्हात. आणि आवडलं नाही. म्हणून मी ते बाजूला सारलं आणि पुन्हा स्वतःची कीव करत बसले.

ड्रायव्हर साठीचा असेल. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला ग्रीक. त्याने कागदाच्या पिशवीतून काळी द्राक्षं काढून दिली, मी डब्यातली चकली दिली. भाजणीची. त्याने एक खाल्ली, थांबला, “कालो” म्हणाला आणि दुसरी घेतली. मग माझा दंड धरून मला कठड्यापाशी घेऊन गेला आणि खाली बोट दाखवलं.

खाली घळीच्या तोंडातून नदी बाहेर पडत होती. तिच्या दोन्ही काठांना शिंदीसारखी झाडं, दाट, पार वाळूपर्यंत. नदी वाळूशी येऊन पसरते, तळं होते आणि मग एका बारीक वळणाने समुद्राला मिळते. समुद्राचा रंग मला लिहिता येणार नाही. याला लिबियन समुद्र म्हणतात, पलीकडचा किनारा आफ्रिकेचा. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी ज्वाळा करून दाखवल्या, सगळीकडे, सगळीकडे, आणि मग मूठ मिटून हळूहळू वर उघडली. गाईडबाईने बसमध्ये सांगितलं होतंच, २०१० च्या ऑगस्टमध्ये हे वन जळालं होतं. क्रीटची ही खजुरी, थिओफ्रास्टस या जुन्या ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव लागलेली, बाहेरून कोळसा झाली तरी तिचा कोंभ आत जिवंत राहतो. पुढच्याच काही महिन्यांत हिरवे शेंडे दिसायला लागले. हे मी ऐकलं होतं, पण कळलं ते त्याच्या मुठीवरून.

पिशव्या त्याच्याकडे सोपवल्या आणि एकटीच पायऱ्या उतरायला लागले. मोजत. बासष्टाव्या पायरीशी वळण होतं आणि वळणावर बसण्याजोगा खडक. बसले. कुठूनतरी बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, उन्हात तापलेल्या ओव्यासारख्या कसल्याशा पाल्याचा वास येत होता. खाली वाळूवर माणसं तिळाएवढी. धाकटीची पिवळी टोपी ओळखू आली. तळ्यात पाय घालून उभी होती.

आणि इथे एक गोष्ट झाली ती नीट लिहून ठेवायला हवी. मला आणखी खाली जावंसं वाटेना. मनाला विचारून पाहिलं, दोनदा. उतरायचंय? नको. भीतीने म्हणतेस? नाही, इथेच बरं वाटतंय. इथून नदी दिसते, घळ दिसते, समुद्र दिसतो, लेक दिसते. म्हणजे माझं उत्तर बरोबरच होतं की! कुणी नीट विचारलं असतं आणि मी नीट विचार केला असता, तरी मी हेच म्हणाले असते, थांबते वरच.

मग टोचतंय काय?

उत्तर बरोबर होतं, पण ते मी दिलंच नव्हतं. ते आपोआप आलं, कुणी टेबलावर वाटी सरकवावी तसं. वाढताना संपलं तरी ‘मला नकोच होतं’, सिनेमाला एक तिकीट कमी पडलं तर ‘तुम्ही या जाऊन’. प्रश्न यायच्या आधी उत्तर हजर. आणि मग रात्री जागून म्हणायचं, मला कुणी विचारत नाही. त्या पोरीने विचारायला तोंड उघडलं होतं. मीच मिटवलं.

ह्यांनाही मी कधी पुरतं विचारू दिलं नाही. ते असो.

धाकटी चार-पाच वर्षांची असताना स्वारगेटला एकदा सामानापाशी बसवली होती तिला, ‘आलेच मी’ म्हणून. यायला उशीर झाला. परत आले तर वळकटीवर तशीच बसलेली, दोन्ही हात मांडीवर, हललीसुद्धा नव्हती. “बसशील ना?” म्हटल्यावर कशी पटकन ‘हो’ म्हणाली होती ती. जाऊ दे.

वर आले तेव्हा दम लागला नाही. किंवा थोडा लागला. ड्रायव्हरने सगळ्या पिशव्या ओळीत लावून ठेवल्या होत्या आणि चकल्या संपल्या होत्या.

ते आले ते लालबुंद होऊन. डच आजोबा सगळ्यांत शेवटी, पण आले. धाकटी धपकन शेजारी बसली आणि म्हणाली, “बरं झालं आई तू नाही आलीस, चढताना माझाच जीव गेला.” मग मोबाइल पुढे केला. पायऱ्या, खजुरीची खोडं, तळ्यातले मासे, तिचे पाण्यातले पाय. सगळं माझ्यासाठी टिपलेलं, मध्ये मध्ये तिचा आवाज, “आई, हे बघ, आई, हे बघ.” मी बघितलं. टोपी वरून दिसत होती हे मी तिला सांगितलं नाही अजून.

जेवण प्लाकियासला, किनाऱ्यालगत, झाऊच्या झाडांखाली. सातूच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज, आणि रानभाजी नुसती उकडून वर तेल-लिंबू. चाकवताची आठवण झाली. शेवटी न मागता राकीचे, म्हणजे इथल्या कडक दारूचे, पेले आले, माझा जावयांनी संपवला. मग सगळे सावलीत पेंगले आणि मी सलवार दुमडून पाण्यात गेले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वाळू पायाखालून सरकत होती. कुणाला विचारलं नाही, कुणी हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं तर धाकटी उठून बसली होती आणि नुसती माझ्याकडे बघत होती. तापात बघतात तसं नव्हतं ते.

एवढं लिहून झालं आणि शेजारच्या खोलीचं दार वाजलं. तिलाही झोप नव्हती. दारात उभी राहून म्हणाली, “आई, उद्या सकाळी इथल्या किल्ल्यावर जायचं म्हणतोय आम्ही. चढ आहे थोडा. तुला...”

मी गप्प बसले. तिला पुरतं बोलू दिलं.

“...तुला यायला आवडेल?”

मी म्हटलं, “चढ किती आहे?”

ती आत आली, पलंगावर मांडी घालून बसली आणि नकाशा उघडला.