माळढोकचा रकाना

बुद्ध पौर्णिमेच्या गणनेला मला नान्नजच्या माळावरचा पाणवठा मिळाला. सोलापूरहून बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटर. सोबत आमचे वनमजूर तात्या. सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत लपणात बसायचं आणि पाण्यावर येईल ते जनावर तक्त्यात लिहायचं.

पहिल्यांदा आली काळविटं. माद्या, पाडसं, मागे मान ताठ केलेला काळा नर. मोजून होईपर्यंत दुसरा कळप. "त्या दोघी गाभण हायत मॅडम," तात्या कुजबुजले. काळविटाची मादी साधारण सहा महिने पाडस पोटात वागवते आणि व्यायल्यावर महिन्याभरात पुन्हा माजावर येऊ शकते. एका वेळी एकच पाडस, तरी चारा आणि संरक्षण मिळालं की कळप भराभर वाढतो. शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही; रातोरात हरभरा फस्त झालेल्या शिवाराचे पंचनामे मी स्वतः केलेत.

संध्याकाळी एक लांडगा आला, लपणाकडे रोखून पाहिलं, पाणी पिऊन गेला. रात्री दोन खोकडं.

चांदणं वर आलं तसे तात्या हळू आवाजात बोलायला लागले. "पावसाळ्यात नर हूम करायचा. लांबवर ऐकू यायचं." त्या आवाजावरूनच इकडे माळढोकला हूम म्हणतात.

१९७९ साली अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी. त्याच माळावर, त्याच संरक्षणात काळवीट वाढलं आणि माळढोक घटला. हे कोडं मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून छळतंय. माळढोकची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, जवळपास २७ दिवस उबवते. ते कुत्र्याने खाल्लं की बहुतेक वेळा वर्ष गेलं. ही रीत चुकीची नव्हती. मोठा, दीर्घायुषी पक्षी. मोठेपणी त्याला शत्रू थोडे. वर्षाआड एक पिल्लू जगलं तरी हजारो वर्षं भागत होतं. पण मोठे पक्षीच मरायला लागले की हा हिशोब कोसळतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, चहूकडून येणारा धोका टिपण्यासाठी घडलेले. समोरचं मात्र कमी दिसतं. विजेची तार दिसेपर्यंत उशीर होतो, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळत नाही.

शिवाय काळविटाला थोडका माळ पुरतो. माळढोक मैलोन्‌मैल फिरणारा. त्याच्या वाटेवर कुठे ऊस आला, कुठे द्राक्षबाग, आणि उरल्या गवतात गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन, ही समजूत अजून जात नाही. मला तिचा फार राग येतो.

उजाडल्यावर तक्ता पुरा करायला घेतला. माळढोकपुढे मी शून्य लिहिलं. तात्यांनी हात धरला.

"शून्य नगा लिहू. दिसला न्हाई, असं लिवा."

त्यांचं बरोबर होतं. किड्यांतून, फळांतून ओल मिळवणारा हा पक्षी रोज पाणवठ्यावर येतोच असं नाही. मी शून्य खोडलं, "दिसला नाही" लिहिलं, सही केली. गणना संपली होती, पण आम्ही गाडीकडे गेलो नाही. दुर्बीण घेऊन दोघंही गवताच्या पट्ट्याकडे चालू लागलो.