मामा, आगळ आणि ताजी बिअर

शनिवार, रात्रीचे पावणेबारा

मामा झोपला. लग्नासाठी सिंधुदुर्गातल्या बांद्याहून आला तो दोन किलो आमसुलं आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं कोकमाचं आगळ घेऊन. बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक लावून वर सुतळी आवळली होती, तरी पिशवीचा तळ लालभडक झालाच. मी ती पिशवी धुतली नाही अजून. बाल्कनीत टांगली आहे, आणि दार उघडलं की आजोळच्या माजघराचा वास येतो.

आज मी मामाला बिअर प्यायला नेलं. उद्याच्या गडबडीत राहून जाईल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

छोट्या ब्रुअरींत, म्हणजे बिअर बनवतात तिथे, ताजी मिळणाऱ्या बिअरचं वेड मला लागलं ते २०११ च्या सुमारास. ऑफिसातल्या मैत्रिणी पुण्यात एनआयबीएमच्या पुढे कोरिंथियन्स क्लबात घेऊन गेल्या होत्या. तिथे २००९ पासून डूलाली नावाची ब्रुअरी होती. महाराष्ट्रात जागेवर बिअर बनवून तिथेच पाजायला सुरुवात करणाऱ्यांत ते पहिले. काचेमागे टाक्या दिसत होत्या आणि त्यातलीच बिअर ग्लासात येत होती. तोपर्यंत बिअर म्हणजे पिवळी, थंडगार, कडू, एवढंच मला माहीत होतं. तिथल्या हेफेवाइझनचा, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, पहिला घोट घेतला आणि पिकलेल्या केळ्याचा वास आला, मागून लवंगेचा. मी विचारलं, यात काय काय घातलंय? काहीच नाही, म्हणाले. गहू, बार्ली, हॉप्सची कडवट फुलं, पाणी आणि यीस्ट. केळं आणि लवंग दोन्ही त्या यीस्टचीच करामत. घरी येऊन रात्रभर त्याबद्दल वाचत बसले होते ते अजून आठवतं. आणि डूलाली हा शब्द आपल्या देवळालीचा! देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, त्यावरून इंग्रजीत वेडं होण्याला हा शब्द पडला. मामाला हे आज सांगितलं तर तो खूश झाला. त्याने एसटीत असताना नाशिककडे ड्यूटी केली आहे.

मला लोक विचारतात, चांगली कुठली आणि मिळते कुठे? मी नावं सांगते. मुंढव्यात इंडिपेंडन्स, तिथलं फोर ग्रेन सेझाँ मला फार आवडतं. ही मुळात बेल्जियमच्या वालोनियातल्या शेतकऱ्यांची बिअर, हंगामात राबणाऱ्या गड्यांसाठी शेतावर बनवलेली. तिच्यात मिरीसारखा एक तिखटपणा असतो, झणका नव्हे, हलका. बंगळूरला गेले की इंदिरानगरात टॉइट, आणि तिथे टिनटिन टॉइट. गोव्याला गेले की एट फिंगर एडी, हॉप्सचा कडवटपणा आवडणाऱ्यांनी ती घ्यावी. मुंबईत असाल तर गेटवेची व्हाइट झेन मागा, ती डोंबिवलीत बनते आणि केगमधून, म्हणजे पिंपांतून, निरनिराळ्या ठिकाणी पोचते.

पण नाव सांगून भागत नाही हे मला हळूहळू कळलं. मागच्या वर्षी एका ठिकाणी यांतल्याच माझ्या एका लाडक्या प्रकारातली बिअर मागवली. ग्लास फ्रीजरमधून काढलेला, वरून बर्फाची साय. पहिल्या घोटाला काही चवच नाही. ग्लासचा गारवा जरा उतरला तेव्हा वास आला तो लोण्याचा, पॉपकॉर्नवर घालतात तसा. ग्लासापर्यंत बिअर आणणाऱ्या नळ्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत की त्यात जंतू वाढतात आणि हा वास येतो. घाईने टाकी रिकामी केली तरी येतो, कारण यीस्टला त्या वासाचा पदार्थ परत खाऊन टाकायला वेळच मिळालेला नसतो. मला खरोखर वाईट वाटलं. कुणीतरी दोन आठवडे जपलेली गोष्ट शेवटच्या दहा फुटांत घालवली होती. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी विचारते, ही टाकीतून कधी निघाली? जो नीट उत्तर देतो त्याच्याकडे बसते. आणि न गोठवलेला ग्लास मागून घेते.

मामाला हे सांगायची वेळच आली नाही. त्याला ते माझ्याआधीपासून ठाऊक आहे. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा, आणि मार्च ते मे तो हुर्राक प्यायला महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेची निघते ती हुर्राक, तीच पुन्हा गाळली की फेणी. फेणी ठेवली तर राहते. हुर्राकचा जोर सीझनपुरताच. मामा म्हणाला, "भट्टीवरचीच पिऊची. बाटली घराक आणलंय तर ती दुसरीच जाता."

आधी मी त्याला विटबिअर दिली, बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. गढूळ, दुधट पिवळी. त्याने उजेडाकडे धरून बघितली, नाकाशी नेली आणि म्हणाला, धणे. मी बघतच राहिले. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, बेल्जियममध्ये फार पूर्वीपासून. तिकडे हूगार्डन गावातली विटबिअरची शेवटची ब्रुअरी १९५७ साली बंद पडली होती. पिएर सेलिस नावाचा दूधवाला लहानपणी त्या ब्रुअरीत हाताशी काम करायचा. त्याने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा बनवायला घेतली, आणि आज जगभर लोक ही बिअर पितात ती त्याच्यामुळे. मामा मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, आपल्याकडे आईच्या हातचा एखादा पदार्थ तिच्याबरोबरच गेला, तसं त्या बिअरचं झालं असतं.

यानंतर मी जिच्यासाठी त्याला नेलं होतं ती आली. ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम. ही पुण्याचीच मंडळी. रंग फिकट गुलाबी, वर पातळ फेस, लगेच विरणारा. मामाने अर्धा घोट घेतला आणि थांबला. जीभ टाळ्याला लावून टक् केलं. पुन्हा एक घोट. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "ह्यात आगळ घातल्यानी काय गो?"

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून मीठ लावून ठेवले की जो रस सुटतो ते आगळ. म्हणजे मीठ, आंबट आणि तो कोकमाचा शेवटी घशाशी राहणारा तुरटपणा, तिन्ही एकत्र. या बिअरमध्ये मला नेहमी तेच लागायचं, पण मी पुण्यात वाढलेली. माझ्या जिभेवर माझाच पुरता विश्वास नव्हता. आज रातांब्याची पाच झाडं असलेल्या माणसाने सांगितलं.

जर्मनीत गोझ नावाची एक जुनी बिअर आहे. गोस्लार गावची, पुढे लाइपझिगला रुजलेली. आंबट, मीठ घातलेली, धणे घातलेली. मध्यंतरी तीही जवळजवळ नाहीशी झाली होती. सॉल्टेड कोकम मला तिच्या नात्यातली वाटते. मीठ, आंबट, आणि धण्यांच्या जागी कोथिंबीर धरली तर ही सोलकढीची यादी झाली, एका नारळाच्या दुधाची काय ती कमी. मला ही बिअर सगळ्यांत प्रिय आहे ती यामुळे. बार्ली कुठलीही असो, हॉप्स साता समुद्रापलीकडचे असोत, पण तो घोट घेतला की मी आजोळी पोचते. आंब्याच्या बिअर खूप प्यायले मी. बहुतेकांत आंब्याचा सरबतासारखा गोडवा तेवढा लागतो. कोकम बिअरमध्ये खरंच मिसळून जातं, कारण त्यात गोड असं काही नाहीच. हे माझं ठाम मत आहे.

मामाने एकच ग्लास घेतला. दुसरा नको म्हणाला, चव आहे तशी राहू दे. रिक्षातून येताना गप्प होता. संगम पुलावर आलो तेव्हा म्हणाला, तुझ्या आजीला दाखवायला हवी होती. आजी आयुष्यात कधी दारूला शिवली नाही. पण त्याचं म्हणणं मला कळलं.

रविवार, संध्याकाळ

सकाळी उठून बघते तर मामा ओट्याशी उभा. चमचाभर आगळ, ग्लासभर थंड पाणी, फ्रीजमधला सोडा अर्धी बाटली. ढवळून, चाखून, पुन्हा चिमूटभर मीठ. कालच्या मिठाचा अंदाज घेत होता. तिसऱ्या ग्लासाला त्याने मान डोलावली आणि मला प्यायला लावलं. फेस नव्हता, माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या बार्लीचा, वास नव्हता, पण मीठ अगदी तेवढंच होतं.

लग्न छान झालं. स्वारगेटला त्याला गाडीत बसवून आत्ता परत आले. खिडकीतून म्हणाला, पाऊस पडायच्या आत ये, बोंडू संपत आले. येताना तिकडे कुणाला आमसुलं लागणार असतील तर विचारून ठेव, म्हणजे बिअरवाल्यांना. मी हो म्हटलं, आणि उद्या खरंच फोन करणार आहे.

चोवीस तारखेचं बांद्याचं तिकीट काढलं. पिशवी अजून बाल्कनीतच आहे.