सकाळी भैरव कुठे शोधायचा?

जुनं घर सोडून इंदूरच्या सुदामा नगरमधल्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा बाबांच्या रेकॉर्डी पहिल्यांदा मोजल्या. एलपी ४१२ आणि लाखेच्या, ७८ वेगाच्या १८६. टेम्पोवाल्याने पहिलं खोकं उचललं नि परत खाली टेकवलं. "भिया, पत्थर भरे हैं क्या?"

तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. मी मिस्त्रीला पुस्तकांच्या कपाटाचं माप दिलं, सलग तीन फुटांची फळी. कव्हरांसकट शंभर एलपी वीस-पंचवीस किलो भरतात, आणि तीन फुटांत दोनशेच्या वर बसतात. पंधरा दिवसांत फळीला पोट सुटलं. मग दर सव्वा फुटावर उभ्या पट्ट्या ठोकून घेतल्या. त्याने रेकॉर्डीही ताठ उभ्या राहिल्या. कललेली एलपी हळूहळू वाकते, उन्हात तर लवकरच. म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत मोकळी सोडली. बायकोला तिथे कव्हरं फ्रेम करून लावायची होती. ती आता जेवणाच्या टेबलामागे आहेत, रिकामीच. आतल्या तबकड्या साध्या पाकिटांत कपाटात.

मिस्त्री काम करत होता तेव्हा मी एक जुनी ७८ कापसाला स्पिरिट लावून पुसायला घेतली. काळी चमक गेली, कापूस काळा झाला. मिस्त्री रंधा थांबवून म्हणाला, "भिया, चपड़ा तो स्पिरिट में ही गलता है।" चपडा म्हणजे लाखच. रोज लाकडाला तेच पॉलिश करणारा माणूस! ती तबकडी गेलीच. बाकीच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या पाण्याने, थेंबभर साबण घालून, मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेने पुसल्या. मधलं लेबल कोरडं ठेवून.

मग कलाकारांच्या नावांप्रमाणे लावल्या. चार रविवार गेले. आई चष्मा लावून बघत राहिली. "अरे, सकाळी भैरव कुठे शोधायचा?"

तेव्हा कळलं. बाबांच्या कपाटातला क्रम मला गोंधळ वाटायचा, ते रागांचे प्रहर होते, ज्या वेळी जो राग गातात तसे. डावीकडे भैरव, तोडी. मग सारंग, भीमपलास. पुढे यमन, बागेश्री. अगदी उजवीकडे मालकंस. आणि मी खोक्यांवर खुणा न करता सगळं भरून आणलं होतं. पुन्हा सगळं काढलं. आई जमिनीवर पाट घेऊन बसली, ती सांगायची, मी लावायचो.

अडलं ते गायक अमीर खाँसाहेबांपाशी, आपल्या इंदूरच्याच. त्यांच्या एलपीच्या एका बाजूला मारवा, दुसरीला दरबारी. एक दिवेलागणीचा, दुसरा मध्यरात्रीचा.

"मारव्याकडेच ठेव," आई म्हणाली. "मारवा ऐकून तुझे बाबा जेवायला उठायचे. पानं आवरून, दूध विरजून, ओटा धुऊन मी येईपर्यंत ती पालटलेली नसायची."