पोलादपूर ते मंगळवेढा: वालापासून मालदांडीपर्यंत

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं गाडीने पोलादपूरहून मंगळवेढ्याला गेलो. पाऊस आणि माती बदलली की पीक कसं बदलतं, हे एका दमात बघायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

पोलादपुरात भात कापून झालं होतं. खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल उभा होता. निघायला उशीर झाल्याने आंबेनळी घाट निम्मा अंधारात गेला आणि उतारावरचे नाचणी-वरीचे तुकडे नीट दिसलेच नाहीत. तुम्ही घाट सकाळीच चढा. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात, तेव्हा नकोच.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत पसरणी घाट उतरताना. वर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि ३२ किलोमीटरवरच्या वाईत त्याचा अगदी लहान हिस्सा. तरी वाई हिरवीगार, कारण कृष्णा आणि धोम धरण. म्हणून तिथे ऊस आणि हळद.

पुसेगाव मागे पडलं की हिरवं विरळ होत जातं. दहिवडी-म्हसवडकडे पाऊस पाचशेच्या आसपास. माळ, मेंढरं, ज्वारी. या पट्ट्यात शिरण्याआधी पेट्रोल आणि पाणी भरून घ्या. पंढरपूरजवळ पुन्हा ऊस लागतो, तो भीमेच्या आणि उजनीच्या पाण्यावर. मधला हा ऊस बघून पाऊस वाढला असं समजू नका.

मंगळवेढ्याला मात्र अख्खा दिवस ठेवा. डोक्याच्या वर गेलेली मालदांडी ज्वारी, कणसांत दाणे भरत आलेले, आणि कुठे पाट नाही की मोटर नाही. बांधावरच्या मावशींना विचारलं, पाणी कधी दिलं? त्यांनी खुरप्याने भेगेशेजारची माती उकरली. वर कोरडं ढेकूळ. वीतभर खालची माती काळी, गार, मुठीत दाबली तर गोळा व्हावी अशी. "पेरल्यापासून थेंब न्हाई दादा. ह्या वलीवरच येती." परतीचा पाऊस ही खोल काळी माती धरून ठेवते आणि त्यावर रब्बीची ज्वारी पोसते. मुरमाड रानात हे जमत नाही.

शेतात शिरण्याआधी विचारा, कणसं तोडू नका. हुरडा मागितलात तर बहुतेक जण प्रेमाने भाजून देतात. पैसे नको म्हणाले, तर निघताना त्यांच्याकडूनच पायलीभर ज्वारी विकत घ्या. आम्ही आणलेल्या ज्वारीच्या भाकरी अजून चालू आहेत.