सात पंचे पस्तीस

गुरुवार, रात्र

"हू यू अँग्री विथ?" सिन्सेबाईंनी, म्हणजे माझ्या चिनी वैद्यबाईंनी, विचारलं आणि मी "नोबडी" म्हणाले. इतक्या झटकन, की त्यांनी मनगटावरची बोटं उचललीच नाहीत.

चायनाटाउनपासून घरापर्यंत एमआरटीत (इथली मेट्रो) जागा असूनही उभीच होते. राग? माझा?

आजची तिसरी खेप. आधी नाडी, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं, भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता. मग जीभ: फिकट, कडेला दातांचे ठसे. पाय गार पडतात का? पडतात. पाळीत गाठी? असतात. मूल व्हावं म्हणून दोन वर्षं मला इंजेक्शनं देणाऱ्यांपैकी कुणी माझ्या पायांची चौकशी केली नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी मी विरघळलेच होते. गर्भाशय गार पडलंय म्हणाल्या, गोंग हान. बर्फाचं पाणी बंद, कलिंगड बंद, काकडी बंद. उष्ण म्हणून पपई आणि तीळ आईने आधीच बंद केलेत. दोघींचं ऐकायचं तर उरला वरणभात.

आज मात्र गाडी यकृतावर आली. यकृताची 'ची', म्हणजे प्राणशक्ती, मोकळी वाहायला हवी; माझी कोंडली आहे, आणि ती रागाने कोंडते म्हणे. म्हणून तो प्रश्न.

शनिवारी मनूचं डोहाळजेवण झालं. फोटो आले. मी बदाम टाकला आणि फोन पालथा ठेवला. याला राग म्हणत नाहीत.

रात्री वाचत बसले. (बसायला नको होतं.) सतराव्या शतकात फू छिंगचू नावाचे वैद्य होऊन गेले. मूल न होण्याचे त्यांनी दहा प्रकार सांगितलेत. एक हडकुळीचा, एक लठ्ठ बाईचा. एक कमरेखाली बर्फासारखी गार असणारीचा, म्हणजे मी. गोठलेल्या जमिनीत गवत उगवत नाही, तसं ते. आणि एक प्रकार चक्क मत्सराचा. लोकांना वाटतं दैवाला ही नकोशी झाली, पण खरं तर हिच्या यकृताची ची कोंडली आहे, असं ते म्हणतात.

वाचून आधी डोळेच भरले. मूल नाही ते नाहीच, वर स्वभावही वाईट! साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानेसुद्धा माझाच दोष काढावा? त्यांच्या दहांत एकही नवऱ्याचा नाही. असो. त्याच्या रिपोर्टबद्दल आमच्या घरात बोलत नाहीत.

पण मी कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मनूचं तर नाहीच. फक्त फोटोतला तिचा हात पोटावर होता, तो सवयीने ठेवलेला, फोटोसाठी नव्हे. तेवढंच पुन्हा पुन्हा दिसतं. हेवा नाही तो.

आहे. हेवाच आहे.

मत्सरावरच्या काढ्याचं नाव मात्र मला आवडलं: कोंडलेलं मोकळं करून जेड पेरणारा. त्यात पिओनीचं मूळ आहे, तांगक्वेइ नावाची चिनी मुळी आहे आणि आपल्या उटण्यातल्या नागरमोथ्याचं भावंड आहे. लहानपणी हेवा केला की आजी देवापुढे उभं करून नाक घासायला लावायची. इथे त्यावर पुडी मिळते, गरम पाण्यातून, दिवसातून दोनदा.

नवऱ्याने काही न लिहिता एक लिंक पाठवली. ती मी त्याच्या आधीच वाचली होती. २०१७ साली छापलेला, चीनमधलाच मोठा प्रयोग, पीसीओएस (बीजकोशांचा विकार) असलेल्या १,००० बायकांवर. अ‍ॅक्युपंक्चरच्या खऱ्या सुया टोचा नाहीतर लुटुपुटूच्या, मुलं जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. फरक पाडला तो क्लोमिफेन या बीज तयार व्हायला मदत करणाऱ्या गोळीने, आणि ती माझी घेऊन झाली आहे. तरी मी पुढच्या गुरुवारची वेळ घेतली. घोट्याच्या वर चार बोटं एक सुई, बेंबीखाली चार बोटं एक, पोटावर लाल दिव्याची ऊब, आणि पडद्यापलीकडे कुणीतरी मोक्सा, म्हणजे शेकायची वाळकी वनस्पती, पेटवलेला. तो वास आला की बाळंतिणीची शेकशेगडी आठवते. मला ती आगाऊच मिळतेय म्हणायची.

आणि तो पाढा. त्यांच्या जुन्या शास्त्रात बाईचं आयुष्य सातासातांनी मोजतात. साताला दात पडून नवे येतात, चौदाला पाळी, अठ्ठाविसाला शरीर ऐन भरात, पस्तिसाला चेहरा सुकू लागतो नि केस गळू लागतात, एकोणपन्नासला सगळं आटोपतं. सिन्सेबाईंनी माझं वय विचारलं, मी ३६ म्हटलं, त्या "फाइव्ह सेव्हन ऑलरेडी" म्हणाल्या. मला एकदम परवचाच ऐकू आला. सात चोक अठ्ठावीस: तेव्हा मी व्हिसाचे फॉर्म भरत होते. सात पंचे पस्तीस: गेल्या वर्षी, न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका. चुकीचं काय बोलल्या त्या?

पुरुषांचा पाढा आठाचा असतो. आठ पंचे चाळिसाला त्यांचेही केस गळतात, दातही जातात. नवऱ्याला चाळिसावं लागलंय. लिंकला उत्तर म्हणून मी त्याला हेच पाठवलं. त्याने टकल्या माणसाचा इमोजी टाकला. बऱ्याच दिवसांनी दोघं हसलो.

मग पुडी विरघळवली. चव म्हणजे ओल्या मातीत कुणीतरी चुकून ज्येष्ठमध सांडलाय. पेला हातात असतानाच मनूला फोन लावला. पाच दिवस लावला नव्हता. काय खावंसं वाटतंय गं, विचारलं. कैरी, म्हणाली, मीठ-तिखट लावून, आत्ताच्या आत्ता.

आता कैरी थंड की उष्ण, हे गुरुवारी विचारायला हवं.