बांधाचा दगड

संगमनेरहून हरेगाव म्हणजे लोणी, बाभळेश्वर, श्रीरामपूर करत दोन दिवसांची चाल. 8 सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिन, त्याच सुमाराला तिथं तिची, म्हणजे मतमाउलीची यात्रा भरते. पुढे झेंडा, मागे जपमाळ, ‘नमो मरिये, कृपापूर्णे’. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. काळी माती चपलेला अशी बसली की पाय उचलेना. दर शंभर पावलांवर थांबायचं, काडीनं खरवडायचं, पुन्हा चालायचं.

सोबतच्यांना वाटलं, नवस फेडायला निघालोय. सांगायला लाज वाटते, पण मी दादाचा बांध कोरला होता. हद्दीचा दगड उपटून दोन हात पलीकडे रोवला. बोलणं तुटलं. आई त्याच्याकडे राहायची, म्हणून आईकडेही जाणं बंद. मग एकदा बायको दवाखान्यात होती. रात्रभर बाकावर बसून म्हटलं, देवा, ही बरी होऊ दे, सकाळी दादाच्या दारात जातो. ती बरी झाली. मी गेलो नाही. पुढच्या वर्षी आई गेली आणि मी थेट कबरस्तानात पोचलो.

शेजारून चालणाऱ्या मावशींना हे सांगितलं. “बेडकं गेली की फारो पलटला, तसंच की तुझं,” म्हणाल्या आणि पुढचा मणी ओढला.

खरंच. फारो म्हणजे बायबलमधला मिसरचा राजा. इस्राएली लोकांना सोडेना म्हणून देवानं त्याच्यावर एकामागून एक पीडा आणल्या, बेडकं त्यातलीच. जरा उसंत मिळाली की त्याचं मन घट्ट. मला नेहमी वाटायचं, देवानंच त्याचं मन कठीण केलं तर बिचाऱ्याचा काय दोष? पण बायबलातलं निर्गमाचं पुस्तक नीट वाचा. देवानं आधी सांगून ठेवलंय खरं, तरी पहिल्या पाच पीडांत फारोच अडून बसतो. ‘परमेश्वरानं मन कठीण केलं’ हे येतं सहाव्या, गळवांच्या पीडेत. तोवर पाच वेळा दार उघडं होतं. माझं किती वेळा होतं, मोजायची हिंमत झाली नाही.

हरेगावात पापनिवेदनाला ही रांग! फादर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले. सगळं ऐकून म्हणाले, “दावीद राजानं पाप कबूल केलं तसं नाथान संदेष्ट्यानं लगेच सांगितलं, तुझं पाप दूर झालं. तरी त्याचं लेकरू वाचलं नाही. क्षमा तुला मिळाली. दगड मात्र तूच हलवायचा.”

मेणबत्ती लावली आणि गर्दीतून बाजूला येऊन दादाला फोन केला. कितीतरी वर्षांनी.

“मोजणी मागवतो, दादा. दगड होता तिथं लावतो.”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “लाव. आई शेवटचे आठ दिवस तुझंच नाव घेत होती.”

मला काही बोलता येईना. त्यानंच विचारलं, “तिकडं पाऊस हाय का?”

“हाय,” म्हटलं.